पेंटरची गोंडी

दिघोरी म्हटलं की नागपूरकडच्या माणसाला उमरेड रोडवरची दिघोरी आठवते. मी राहतो ती दिघोरी भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली. कागदोपत्री दिघोरी (मोठी). धानाच्या बांध्या, तलाव आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, रात्री चालणारी नाटकं, हे आमचं जग. वैनगंगेपलीकडे वडसा, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं ठाणं. माझा मूळ धंदा या कंपन्यांचे पडदे रंगवण्याचा. रस्त्याचा पडदा, वाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा. पार मागे तणसावर बसलेल्या माणसालाही झाड हे झाडच दिसलं पाहिजे, हा त्या धंद्यातला पहिला नियम. पुढे लहान मुलांच्या पुस्तकांत माझ्या कामी आली ती एवढीच विद्या.

मग फ्लेक्स आला. दुकानाचे बोर्ड, वाढदिवसाचे बॅनर, नाटकाच्या जाहिराती, सगळं मशीनवर छापून यायला लागलं आणि आम्ही पेंटर लोक शाळांच्या भिंतींकडे वळलो. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ रंगवायची कामं निघत. चौरस फुटाच्या भावाने मी अननस काढले, ऐरण काढली, शहामृग काढलं. आमच्या पोरांनी यातलं काहीच पाहिलेलं नसे, पण नमुन्याचा तक्ता वरून आलेला असे आणि पैसे तक्त्याप्रमाणे मिळत. मी ब्रश चालवायचो आणि पोरं मागे बसून चर्चा करायची. शहामृग पाहून एका पोराने ‘मोठी कोंबडी’ असा निकाल दिला आणि बाकीच्यांनी तो बिनविरोध मान्य केला.

चित्रपुस्तकांच्या कामात मी आलो तो असा भिंतीवरून. आमच्या भागातले काही गोंड शिक्षक आणि शिकलेली पोरंपोरी मिळून अंगणवाडीच्या वयाच्या मुलांसाठी गोंडी आणि मराठी अशा दोन भाषांत छोटी पुस्तकं काढायच्या विचारात होती. पुण्या-नागपूरचा चित्रकार त्यांना परवडणारा नव्हता. मी परवडत होतो. मी स्वतः गोंड नाही, आणि तोवर ‘जय सेवा’ हा नमस्कार सोडला तर गोंड माणसाशी त्याच्या भाषेत बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं.

गोंडी ही मराठीचीच एक बोली असा आमच्याकडे पुष्कळांचा समज आहे. ती द्राविडी कुळातली, तेलुगू-तमिळची नातलग. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशभरात जवळजवळ 30 लाख भरले, आणि गोंड म्हणून नोंदलेली माणसं एक कोटीच्या वर. म्हणजे बहुतेकांच्या घरून भाषा निघून गेलेली. भंडाऱ्यात ती जास्तच गेली. आमच्याकडचे गोंड घरात झाडी बोलतात, जशी आम्ही सगळेच बोलतो: ‘ळ’चा ‘र’, ‘ण’चा ‘न’, डोळ्याचा डोरा, पाण्याचं पानी. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या झाडीबोलीसाठी आयुष्य घातलं म्हणून तिला निदान नाव आणि संमेलनं तरी मिळाली. तर अंगणवाडीतल्या गोंड पोराचा हिशेब असा: घरी झाडी, शाळेत पुस्तकी मराठी, कॉन्व्हेंटात घातलं तर इंग्रजी, आणि गोंडी असलीच तर फक्त आजीकडे, तीही आजी कोरची-कुरखेड्याकडून लग्न होऊन आलेली असेल तरच. दिघोरीच्या आसपास मला गोंडी बोलणारं जे माणूस भेटलं ते बहुधा बाहेरून आलेली सून होती. त्या सुना आता सत्तरीच्या पुढे आहेत.

आणि बोलत्या त्याही नव्हत्या. एकीने सांगितलं, लग्नानंतर पहिल्याच पोळ्याला सासूने बजावलं होतं, ‘तुही भाषा माहेरी ठेवून ये.’ सासूही गोंडच. पण गावात राहायचं तर गावासारखं बोलावं, असा त्या काळचा शहाणपणा. आम्ही शब्द विचारायला गेलो की या बायका आधी हसायच्या, पदर तोंडाला लावायच्या, सुनेकडे बघायच्या. सून चहा ठेवायला आत गेली की मग पहिला शब्द यायचा.

पहिलं पुस्तक नुसत्या वस्तूंचं होतं. पानावर एक चित्र, त्याखाली गोंडी शब्द, त्याखाली मराठी. एर, पाणी. नेय, कुत्रा. पिट्टे, पक्षी. मीन, मासा. पानं 16, कारण कागदाच्या घड्या घातल्या की तेवढाच एक फर्मा होतो. वर कव्हर, मध्ये दोन पिना. ते छापून आल्यावर सुट्टीवर आलेला एक जवान ओट्यावर बसून चाळत होता. त्याची नेमणूक काही वर्षं चेन्नईच्या बाजूला होती. कय, काल, कन ही पानं आली तसा तो म्हणाला, ‘हे तं मद्रासी हाये!’ हात, पाय, डोळा यांना तमिळ माणूसही जवळजवळ याच शब्दांनी ओळखतो, आणि मासा तर तिकडेही मीनच. त्याच्या आईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण जी बोलायला लाजत होतो ती भाषा पार समुद्रापर्यंतच्या लोकांची सोयरी आहे. आठवडी बाजारात तिने हे इतक्या जणींना सांगितलं की पुढच्या घरी आम्ही गेलो तेव्हा शब्दांसाठी फार आर्जवं करावी लागली नाहीत. भाषा वाचवण्यावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्या जवानाच्या एका वाक्याने झालं तेवढं काम त्यातल्या एकानेही केलेलं मी पाहिलं नाही.

सगळ्यात मोठं भांडण मिठावरून झालं. स्वयंपाकघराचं पुस्तक करायचं ठरलं होतं: चूल, मडकं, भात, मीठ. शब्द पक्के करायला वेगवेगळ्या गावच्या म्हाताऱ्या एका ओसरीवर बसवल्या. भाताला ‘गाटो’ म्हणायला सगळ्या राजी. मिठावर आल्या आणि फुटल्या. एकीने ‘सोवर’ म्हटलं. दुसरी म्हणाली ‘होवर’. तिसरी, कोरचीच्याही पलीकडून आलेली, ‘ओवर’वर अडून बसली. यात कुणीच चुकत नव्हतं. गोंडीचा मुलूख मध्य प्रदेशापासून तेलंगणापर्यंत पसरलेला, आणि त्यात वरून खाली जाता जाता शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ कुठे ‘ह’ होतो, कुठे गळूनच पडतो. पण छापायचा तर एकच शब्द. आमच्यातल्या एका शिक्षकाचं म्हणणं, प्रमाण गोंडी ठरल्याशिवाय ही भाषा सरकारदरबारी जाणार नाही. वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांनी एकत्र बसून 2018 च्या सुमारास एक सामाईक शब्दकोश तयार केला आहे, त्याच वाटेने जावं. दुसऱ्याचं म्हणणं, घरात आजी म्हणणार ‘ओवर’, पोरगं पुस्तकात बघणार ‘सोवर’, आणि आजीला सांगणार की तुला तुझीच भाषा येत नाही. यासाठी का आपण वर्गणी गोळा केली?

दोघांचंही खरं होतं आणि दोघंही तावातावाने बोलत होते. मी पेंटर, मला त्या सभेत मत नव्हतं. पण पानावर कुठे काय बसवायचं ते माझ्या हातात होतं. मी मिठाच्या चित्राखाली छापायचा शब्द लिहिला आणि त्याखाली एक ओळ आखून रिकामी सोडली. तुमच्या घरी याला जे म्हणतात ते इथे लिहा. प्रमाण गोंडीवाल्या गुरुजींना ती ओळ म्हणजे पळवाट वाटली. अजूनही वाटते. परंतु पुढच्या प्रत्येक पुस्तकात ती राहिली, आणि घरोघरी फिरून परत आलेल्या प्रती पाहणं हे माझ्या या सगळ्या कामातलं सर्वांत मोठं सुख ठरलं. कुठे बॉलपेनने, कुठे पेन्सिलीने, कुठे सहावीतल्या ताईच्या गोल अक्षरात, कुठे कुण्या बापाच्या थरथरत्या. एका घरात सून राजनांदगावकडची होती, तिने मिठाखाली ‘नून’ लिहिलं, म्हणजे छत्तीसगढी. एका पानावर मिठाच्या पुडीचा भाव लिहिलेला होता. तोही मी खोडला नाही.

चित्रं छापायला देण्याआधी म्हाताऱ्यांना दाखवायची, हा आम्ही नियमच केला. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाइतका चित्राचा कडक परीक्षक दुसरा नाही. शब्द वाचणारा माणूस चित्रावरून नजर फिरवून पुढे जातो. ही माणसं चित्रच वाचतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मोह वेचण्याचं पान होतं. मोहाची फुलं फाल्गुन-चैत्रात गळतात, तेही रात्री आणि पहाटे, आणि तेव्हा झाडाची जुनी पानं झडलेली असतात. हे मलाही ठाऊक, मीही याच मातीतला. पण म्हाताऱ्यांची तपासणी याच्या कितीतरी पुढची होती. बाईची सावली एवढी आखूड का, ऊन चढेपर्यंत ही काय करत होती? झाडाखालचा पालापाचोळा झाडून काढलेला का नाही, फुलं दिसतील कशी? हिचं पोर कुठे आहे? पोराला घरी ठेवून कुणी मोहाखाली जातं का? एक म्हणाली, ‘पेंटरबाबू, तिची टोपली भरली दिसते, मंग ते वाकून कायले हाये?’ तिची टोपली अर्धी केली, सावली लांब केली, शेजारी झोळीत पोर टाकलं. ते पान मुलांना सगळ्यात आवडतं, कारण झोळीतल्या पोराचा फक्त एक पाय बाहेर दिसतो आणि तो कुणाचा यावर रोज नवीन मत असतं.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांची सूचना मात्र दरवेळी एकच: चित्रं ‘गोंड आर्ट’मध्ये का नाहीत? ठिपके, रेघा, शिंगांतून उगवलेली झाडं. ती कला मोठी आहे, यात वाद नाही. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढ सिंह श्याम यांनी भोपाळच्या भारत भवनात ती कागदावर आणली, आणि त्यांच्या मागून आलेल्या परधान कलाकारांची पुस्तकं जगभर गेली. चेन्नईच्या तारा बुक्सने काढलेलं रात्रीच्या झाडांचं पुस्तक मी स्वतः हातात घेऊन पाहिलं आहे, काळ्या कागदावर हाताने छापलेलं. माझ्यासारख्याने टोपी काढावी असं काम. पण ती पाटणगढच्या परधानांची मिळकत आहे. दिघोरीजवळच्या टोलीतल्या पोराने तसं हरीण कुठल्याच भिंतीवर पाहिलेलं नाही. गोंड म्हटलं की ठिपके, असं धरून चालणं आणि आमच्या भिंतीवर शहामृग काढून जाणं, मला दोन्ही एकाच जातीचे प्रकार वाटतात. मी सरळ नाटकाच्या पडद्यासारखी चित्रं काढली. बैल बैलासारखा, धुऱ्यावर उभा.

लिपीचं काम मला आवडलं, कारण अक्षरं काढणं हा माझा खरा हात. गोंडीला स्वतःच्या लिप्या आहेत हे मला कचारगडला कळलं. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या या डोंगरात अनेक राज्यांतून गोंड लोक जमतात. तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत अक्षरांचे तक्ते टांगलेले होते. एक लिपी बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 साली रचलेली. दुसरी आदिलाबादकडच्या गुंजाळा गावच्या जुन्या पोथ्यांतली. पहिली 2017 मध्ये आणि दुसरी 2018 मध्ये युनिकोडमध्ये गेली, म्हणजे आता कॉम्प्युटरलाही ती कळू शकते. आम्ही ज्याच्याकडे पानं जुळवायला दिली त्याच्या कॉम्प्युटरला काही ती कळेना, नुसते चौकोन उमटत. मी तक्ता समोर ठेवून मसराम लिपीतलं नाव ब्रशने काढलं, त्याचा फोटो काढून कव्हरवर टाकला. आत सगळं देवनागरी. पोरांच्या दृष्टीने ते कव्हरवरचं नाव म्हणजे नक्षीच आहे, हे मान्य. पण बैठकीत एका म्हाताऱ्या बाबांनी त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, ‘हे आपलं होय?’ आतल्या एका पानाबद्दलही त्यांनी काही विचारलं नाही.

वाघाच्या पुस्तकात मजा झाली. मजकूर लिहिणाऱ्या गुरुजींना वाघोबा हवा होता, मिशा, पगडी, हातात काठी, मुलांच्या मराठी पुस्तकांत असतो तसा. मी दोन नमुने केले: एक पगडीवाला, एक साधा. दोन्ही घेऊन एका आजीकडे गेलो आणि म्हटलं, गोंडीत सांग, काय चाललंय. गोंडीत क्रियापदाची एक जात फक्त पुरुषांसाठी राखीव आहे. बाई, गाय, वाघ, झाड, सगळे दुसऱ्या जातीत. साधा वाघ पाहून आजी म्हणाली, ‘पुल्ली वाता’, वाघ आला. पगडीवाला पाहून ती थांबली, आणि म्हणाली ‘वातोर’. म्हणजे कुणीतरी पुरुष आला. वाघ तिला त्यात दिसलाच नाही. गुरुजी हसले, पगडी उतरली. जंगलात एकट्याने पाऊलवाट तुडवलेल्या आजीच्या डोक्यातला वाघ पगडी घालत नाही, हे बरंच झालं. छापलेल्या पुस्तकातला वाघ बांधीच्या कडेला नुसता उभा आहे आणि पोरं त्याला भितात, जसं भ्यायला पाहिजे.

आता मूळ अडचणीकडे येतो, कारण ती न सांगता बाकीचं सांगणं म्हणजे जाहिरात होईल. पहिल्या पुस्तकांनी गोंडी शिकवली नाही. अंगणवाडीत सेविका पुस्तक उघडायची, चित्रावर बोट ठेवायची आणि खालची मराठी ओळ वाचायची. ‘मासा.’ सगळी पोरं ओरडायची, ‘मासा!’ पान उलटायचं. वरचा ‘मीन’ तसाच राहायचा. घरी आईचंही तेच. सेविकेचा यात काय दोष? तिला गोंडी येत नव्हती, मराठी येत होती, आणि समोर वाचता येणारी ओळ असताना न वाचता येणारीकडे कोण जातं? मग मला कळलं की दोन भाषा एका पानावर शेजारी ठेवल्या म्हणजे त्या सारख्या होत नाहीत. जी आधीच जोरात आहे ती सगळं पान घेते. शहरातले लोक द्विभाषिक पुस्तक म्हणतात तेव्हा त्यांना दोन बरोबरीच्या भाषा दिसत असाव्यात. आमच्याकडे तसं नाही.

म्हणून पुढच्या छपाईत मराठी पानावरून काढली. पानावर चित्र, मोठ्या अक्षरात गोंडी, आणि रिकामी ओळ. मराठी शेवटच्या पानावर, छोट्या चित्रांबरोबर, ज्याला गरज पडेल त्याने उलटून पाहावं. यावर तक्रारी आल्या. मुलं गोंधळतील, सेविका वापरणार नाहीत, वरिष्ठांना काय दाखवायचं. आणि काही ठिकाणी खरोखरच पुस्तकं वापरली गेली नाहीत. पण एका अंगणवाडीत जे झालं ते मी अजून लोकांना सांगत असतो. सेविका पुस्तक उघडून अडली. तिथली मदतनीस, खिचडी शिजवणारी, भांडी घासणारी, दाराशी उभी होती. तिने मान न वळवता शब्द सांगितला. पुढचाही सांगितला. इतकी वर्षं दोघी एकत्र काम करत होत्या आणि या बाईला गोंडी येते हे सेविकेला ठाऊक नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर खिचडी चुलीवर ठेवली की ती मदतनीस ओले हात लुगड्याला पुसत चटईवर येऊन बसायची आणि पुस्तक तिच्या हाती जायचं. पुस्तकात एक शब्द, ती दहा वाक्यं सांगायची. मासा कुठल्या तलावातला, कुणी पकडला, कुणाच्या घरी शिजला, कुणाला काटा लागला. सेविका मुलांबरोबर बसून ऐकायची. अंगणवाडीतला पगाराचा आणि मानाचा क्रम त्या तेवढ्या वेळापुरता उलटायचा.

मोजायच्या पुस्तकाची कल्पना त्या मदतनीसबाईचीच. उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग, पाचपर्यंत बस, असं ती म्हणाली; पाच बोटं झाली की पोरं आपणहोऊन पुढचं मागतात. एक मोहाचं झाड, दोन बैल, तीन रोवणाऱ्या बाया, चार बगळे, पाच पऱ्ह्यांच्या पेंड्या. हे पुस्तक सगळ्यात जास्त फाटलं. पोरं आता लपाछपीत राज्य घेताना उंदी-रंड मोजतात, त्यात गोंड नसलेलीही आहेत.

फाटण्यावरून आठवलं. पुस्तक फाटणं ही आमच्याकडे मोठी भानगड आहे. अंगणवाडीत, शाळेत आलेली वस्तू साठा नोंदवहीत चढते आणि तपासणीच्या वेळी हजर असावी लागते. त्यामुळे जबाबदार बाई पुस्तकं पेटीत ठेवते आणि पेटीला कुलूप लावते. तीन वर्षांपूर्वी दिलेली पुस्तकं कोरी करकरीत दाखवणाऱ्या केंद्राचं कौतुक होतं. मी मात्र अशा ठिकाणी गेलो की उदास होतो. शेवटी आम्ही पुस्तकं ‘भेट’ म्हणून थेट मुलांच्या हातात द्यायला लागलो, कुठेही नोंद न करता. घरी गेलेलं पुस्तक पावसात भिजतं, बकरी खाते, बिडी पेटवायला कव्हर जातं. पण तोवर ते आजीपर्यंत पोचलेलं असतं.

सगळ्यांना हे आवडलं असंही नाही. एका बापाने पुस्तक परत आणून दिलं. ‘पेंटरभाऊ, हे शिकून पोराले नोकरी लागन का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. 2003 साली संताळी आणि बोडो या भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेल्या. गोंडी, बोडोहून मोठी असूनही, बाहेर आहे. परीक्षा नाही, पेपर नाही, पद नाही. घटनेच्या 350-अ कलमात अल्पसंख्य भाषांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं राज्यांना सांगितलेलं आहे, पण या पोराची नोंदीतली मातृभाषा मराठी. तो बाप रागाने बोलत नव्हता. त्याच्या आईची भाषा होती ती. मी चहा पाजला, पुस्तक परत घेतलं. नंतर त्याच्याच मुलीने ते मागून नेलं, हे खरं, पण म्हणून त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही.

दुसरीकडे काय चाललंय ते पाहत गेलो. प्रथम बुक्सने ‘स्टोरीव्हीवर’वर गोंडीतल्या गोष्टी टाकल्या आहेत, ‘सीजीनेट स्वर’च्या गोंडी भाषकांनी हिंदीतून केलेल्या, मोबाईलवर फुकट वाचता येतात. काम चांगलं आहे. चित्रं कुठली कुठली असतात आणि आमच्या आजीला मोबाईलचं पान सरकवता येत नाही, एवढीच माझी कुरकुर. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळाच काढली आणि ती टिकवायला कोर्टापर्यंत गेली. ती हिंमत आमच्यात नाही, आणि तिथे घराघरात गोंडी बोलतात ही त्यांची पुंजीही आमच्याकडे नाही. मला आमच्या परिस्थितीशी जवळचं वाटलं ते पार न्यूझीलंडचं. तिथल्या माओरी लोकांनी 1982 पासून बालवाड्या काढल्या, ज्यांत शिकवायला म्हातारी माणसं बसतात. मधल्या पिढीला भाषा येत नव्हती, म्हणून आजी-आजोबांना थेट नातवंडांसमोर आणलं. हे वाचलं तेव्हा मला ती मदतनीसच दिसली. तिला त्या कामाचा वेगळा पैसा मिळायला हवा होता. मिळाला नाही.

इतक्या वर्षांनी कुणी विचारलं की तुमच्या पुस्तकांनी गोंडी परत आली का, तर मी नाही म्हणतो. पोरांना काही शब्द येतात, पाचपर्यंत मोजता येतं, वाघ आला की ‘वाता’ म्हणायचं एवढं कळतं. भाषा येणं म्हणजे भांडता येणं, आणि तसं भांडणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही. आज्या मात्र बोलायला लागल्या. सून समोर असतानाही बोलतात. त्यातल्या काही आता नाहीत. त्यांनी सांगितलेली मोहाची, मिठाची, वाघाची पानं आहेत.

पडद्यांचं काम आता जवळपास बंद आहे, डोळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत. या पुस्तकांची मूळ चित्रं मात्र माझ्याकडे धड आहेत. माडिया असो, कोलामी असो, कोरकू असो, ज्यांच्या गावात अशी भाषा आणि ती बोलणारी एक तरी म्हातारी शिल्लक आहे त्यांनी दिघोरीला यावं, चित्रांचे फोटो काढून न्यावेत. पैसे लागणार नाहीत, माझं नाव घालायची गरज नाही. मोहाऐवजी तुमच्याकडे दुसरं झाड असेल तर तेवढं चित्र मी बदलून देईन. शब्द तुमच्या म्हातारीला विचारून टाका, आमचे उतरवू नका. अट एकच: चित्राखालची रिकामी ओळ काढायची नाही.